लटारूचा पाय

"मी नाई हालवला, आत्याबाई. आपल्या मनानं उडला तो पाय!"

"मंग आता हात लावू नोको त्याले. नजर लागन," मनकर्णाबाईनं सुनेला, रंभाला, दटावलं.

मध काढताना ऐनाच्या झाडावरून पडल्यापासून लटारू कमरेखाली लाकूड झाला होता. पाय जागे व्हावेत म्हणून त्याच्या आईनं, मनकर्णाबाईनं, तळव्यांना रोज बिब्ब्याचे चटके दिले. फोड आले, पिकले. लटारूला ते वासावरून कळलं. आज त्याची बायको रंभा फोड धुवायला बसली, तर पाय गुडघ्यात वाकून टणकन वर आला.

म्हातारीनं गावदेवी मातामायला नवसाचा कोंबडा बोलला होता. तो काखेत मारून ती तडक निघाली.

बाजाराच्या दिवशी ब्रह्मपुरीहून डॉक्टर येत. आज बाजार होता. थोरला भाऊ सोमाजी त्यांना घेऊन आला. मागोमाग आंगण भरलं.

"सायेब, पंदरा दिसात बोडीच्या पान्यात जाळं टाकते पाहा आमचा लटारू," सोमाजी म्हणाला.

"जाळ्याचं सोड. बायकोच्या मागं त धावन!" शेजारचा कोलू म्हणाला. बाया पदराआड हसल्या.

डॉक्टरांनी लटारूच्या डोळ्यांवर दुपट्टा टाकला. "पायाला काही लागलं की सांगा."

त्यांनी तळव्यावरून किल्ली ओढली. पाय उसळला. आंगण ओरडलं, कोलूनं शिट्टी मारली.

दुपट्ट्याखालून लटारू म्हणाला, "कायचा गोंधळ हाय बा? लावा ना सायेब. मी वाट पाहून राह्यलो."

डॉक्टरांनी किल्ली खिशात टाकली.

"पाठीच्या कण्यात एक दोर असतो, डोक्यातून निघालेला," डॉक्टर सावकाश म्हणाले. "यांचा तो तुटलाय. पाय उडतो तो खालच्या तुकड्याच्या जोरावर. डोक्याला त्याची खबरच नाही."

"जाळं तुटलं त आमी गाठ मारतो," सोमाजी म्हणाला. "याले गाठ नाई?"

"देशोदेशीचे डॉक्टर शोधताहेत. कुत्र्या-मांजरांवर करून पाहताहेत. अजून कुणालाच सापडली नाही."

"सापडन कवा?" लटारूनं विचारलं.

"सांगता येत नाही. बिब्बा मात्र आजपासून बंद. आणि कूस बदलत राहा. पाठीला जखम झाली, तर ती जिवावर बेतेल."

लटारूनं आपल्या हातानं दुपट्टा काढला. "बरं," म्हणाला. माणसं एकेक करून उठली.

मनकर्णाबाई परतली तेव्हा डॉक्टर गेले होते. "का म्हनले सायेब?"

रंभा घागर घेऊन बाहेर पडली. सोमाजी आढ्याकडे पाहत राहिला.

म्हातारी लटारूच्या पायाशी बसली. भीत भीत तिनं तळव्यावर नख फिरवलं. लटारूनं पायाकडे पाहिलंच नाही, आईच्या तोंडाकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले, तेव्हा त्याला कळलं.

"उडला रे माय! तूच हालवला का, बाबू?"

"हो माय, मीच हालवला," लटारू म्हणाला. "पर आता बिब्बा नोको लावू. लय भाजते."