खंडेनवमीला फुटलेली बॅटरी

मित्रांनो, नाकं मुरडू नका. मी एक जुनी बॅटरी आहे, पोट फाटलेली, गंगापूर धरणाच्या काठी पुंजाच्या दाराशी पडलेली. सत्त्याहत्तर साली नाशकातून आले तेव्हा मला उचलताना दोन गडी वाकले होते. एका हिसक्यात मी पुंजाच्या लाँचचं, म्हणजे धरणात माणसं ने-आण करणाऱ्या मोटरबोटीचं, इंजिन उठवायची. पलीकडच्या काठाची माणसं, भाजीच्या पाट्या, अवघडलेल्या बाया, सगळे माझ्या भरवशावर पाण्यात उतरायचे.

मला जपलं ते सिंधुबाईनं, पुंजाच्या बायकोनं. दर आठवड्याला माझी झाकणं उघडून बघायची, पाणी उतरलं असेल तर डिस्टिल पाणी घालायची, टोकांना व्हॅसलिन चोळायची. चार्जिंगला लावलं की माझ्या लाकडी पेटीचं झाकण उघडं ठेवायची आणि जवळ कुणाला बिडीसुद्धा ओढू द्यायची नाही. चार्ज होताना माझ्या पोटातून वायू निघतो, तो ठिणगीची वाटच बघत असतो. गॅरेजवाल्यानं सांगितलेलं तिनं पदराला गाठ मारून ठेवलं होतं. पुंजाला मात्र बायकोचं ऐकलं की मिशी खाली येते असं वाटायचं.

खंडेनवमी आली, हत्यारांच्या पूजेचा दिवस. दसऱ्याला गर्दी होणार म्हणून लाँच काठाला बांधून, काठावरून वायर ओढून मला चार्जिंगला लावलं होतं. तशातच पुंजानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, भिकननं, मला देव करून टाकलं. झाकणांवर हळदकुंकू थापलं, त्यात वायू जायची भोकं बुजली. वरून कोरं उपरणं पांघरलं. मग पुंजानं आरतीच्या ताटात कापूर पेटवला.

काठावरून सिंधुबाई म्हणाली, “आवो, आधी चार्जिंग बंद करा. वारा लागू द्या तिला, मग ओवाळा.”

“देवाच्या कामात तोंड घालू नको,” पुंजा म्हणाला. “तुझ्या बापानं घेतली का लाँच?”

ताट जवळ आलं आणि मी फुटले. माझ्या पोटातलं ॲसिड पुंजाच्या तोंडावर उडालं. डोळे दाबून तो गुरासारखा ओरडला. सिंधुबाईनं काठावरचा खटका पाडला, लाँचवर उडी घेतली, नवऱ्याचे केस धरले आणि त्याचं तोंड धरणात बुडवलं. वर काढलं, पुन्हा बुडवलं. तो गुद्दे हाणत होता, तिचा ओठ फाटला. भिकनला वाटलं, वहिनी भावाचा जीव घेतेय. त्यानं वल्हं उचलून तिच्या हातावर घातलं. हाड मोडलेलं मी ऐकलं. तिनं हात बदलला, केस सोडले नाहीत.

“मार अजून,” ती म्हणाली. “डोळं धुतल्याबिगर ह्यांना सोडणार नाय मी.”

पाणी लगेच मिळालं म्हणून डोळे वाचले, असं डॉक्टर म्हणाले. पट्टी सुटून पुंजा घरी आला, तर समोर बायकोचा हात प्लास्टरात.

“ह्ये कोणी केलं?”

भिकननं मान खाली घातली.

“ज्याला तुमचा जीव प्यारा, त्यानं,” सिंधुबाई म्हणाली आणि भाकरी थापायला कुसाबाईला हाक मारली. जाऊ आली, भिकनची बायको, रडतच.

पुंजा उठला. दारासमोरच्या लाँचवर गेला. तिथं नवी बॅटरी होती, तिच्या पेटीचं झाकण त्यानं सताड उघडलं. मग दारातल्या सिंधुबाईकडे न बघताच विचारलं, “पाणी कुठवर घालू?”

तर मित्रांनो, आम्हाला कुंकू नको, वारा द्या. विस्तव लांब ठेवा. आणि घरात कुणी शहाणपणाचं सांगत असेल तर ऐका, तिचं हाड मोडायच्या आधी.