एकतेची चेष्टा

शैलजा सोनवणेला अवंतिकाचा राग येत नव्हता. रागाला निदान काहीतरी कारण लागतं, आणि या पोरीने तिचं काडीचंही वाकडं केलं नव्हतं. समोर दिसली की हात जोडून ‘सलाम ताई’ म्हणायची, बसायला स्वतःची खुर्ची द्यायची. नेमकं तेच शैलजाला सहन व्हायचं नाही. तिला नुसतं हसताना पाहिलं तरी शैलजा तोंड फिरवायची. त्याला जळणं म्हणतात. चर्चमध्ये त्यासाठी दहा गोड शब्द आहेत, पण गोष्ट तीच.

जबलपूरच्या नऊ मंडळ्या, म्हणजे नऊ चर्चमधली माणसं, मिळून ‘सहभागिता’ नावाचं मासिक काढतात. अंक हिंदी, पण शेवटची दोन पानं मराठी. फॅक्टरीच्या आणि रेल्वेच्या नोकरीपायी नागपूर-अमरावतीकडून आलेली ख्रिस्ती घरं इथे अजून आहेत, त्यांना आपल्या बातम्या आपल्या भाषेत लागतात. ही दोन पानं वर्षानुवर्षं शैलजाची. एका पानावर बातम्या, दुसऱ्यावर ‘पंचांसाठी धडा’: मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांनी सभा कशी घ्यावी, आजाऱ्याला कसं भेटावं, भांडणं कशी मिटवावीत. शैलजा जाड पुस्तकांतून हे धडे उतरवायची. कुणी वाचत नाही हे तिला माहीत होतं. पण कुणी वाचत नव्हतं तोवर कुणी दुसरं काही मागतही नव्हतं.

मग लग्न होऊन भोपाळहून अवंतिका आली, शाळेत शिकवायला लागली आणि तिने एक धडा लिहून दिला: ‘सभेत कोण बोलत नाही, ते बघा’. बस. प्रत्येक मोबाइलवर तोच. पादरी अनुग्रह लाल हे नऊ मंडळ्यांच्या कमिटीचे अध्यक्ष. त्यांनी त्याचा हिंदी अर्थ उपदेशात सांगितला. आणि पुंडलिक, शैलजाचा सख्खा नवरा, ज्याने बायकोचा एक धडा कधी शेवटपर्यंत वाचला नाही, तो जेवता जेवता म्हणाला, “पोरगी लिहिते बरं का मस्त.”

दुसऱ्या घासाला म्हणाला, “वरणात मीठ काहून नाही?”

“तिलेच विचार.”

पुढे कमिटीने ठरवलं की मराठी पानं कुणाकडे द्यायची ते पुढच्या सभेत बघू. तोवर अवंतिका लिहील, शैलजादीदी तपासतील. तपासतील! जिने पानं उभी केली तिने आता दुसरीच्या वेलांट्या मोजायच्या.

त्या महिन्याची मोठी बातमी होती सगळ्या मंडळ्यांची एकत्र उपासना. अवंतिकाचं पान शैलजाच्या मोबाइलवर आलं. वर ठळक अक्षरांत मथळा:

‘नऊ मंडळ्यांनी केली एकतेची चेष्टा’.

शैलजाने चष्मा पुसला. पोरीने डोक्यात हिंदी धरून मराठी लिहिलं होतं. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मराठीत चेष्टा म्हणजे टिंगल. एक शब्द बदलायचा होता, अर्ध्या मिनिटाचं काम. शैलजाने तिसऱ्या ओळीतली एक वेलांटी सुधारली, फोटोखालच्या नावावर राहिलेला अनुस्वार दिला आणि गोहलपुरातल्या छापखान्याला कळवलं, ‘पान ठीक आहे. छापा.’ मग तिने स्वतःसाठी चहा टाकला. कित्येक महिन्यांत इतका गोड लागला नव्हता.

रविवारी अंक वाटले गेले. मराठी माणसं चर्चच्या फाटकाशीच हसायला लागली. नागपूरच्या नातेवाइकांचे फोन आले. उपासना संपल्यावर हॉलमध्ये कमिटी बसली, बाकीचे मागे उभे राहिले.

पादरी लाल अंक हातात घेऊन गोंधळले होते. “चेष्टा में बुराई क्या है भई? की तो है हमने चेष्टा.”

इंदिराबाई पंचाहत्तरीच्या, कमिटीतल्या सगळ्यांत जुन्या. त्या म्हणाल्या, “पादरीजी, हमारी मराठी में चेष्टा माने मज़ाक उड़ाना.”

मग इंदिराबाईच खदखदून हसल्या. “पण खोटं काय छापलं हो पोरीनं? एकत्र उपासना म्हणे! प्रभुभोजनाची भाकर कोणत्या पादरीच्या हातानं घ्यायची यावर दोन महिने भांडले. जेवणाला दोन मंडळ्यांनी भात वेगळा शिजवला. बसले तेही आपापल्या टोळीनं. लई वर्षांनी खरी बातमी आली!”

काही हसले, काहींची तोंडं कडू झाली. एक जण ओरडला, “यह मराठी पेज बंद करो जी!”

अवंतिका उभी राहिली. चेहरा पांढरा पडला होता. “चूक माझी आहे. आमच्या घरी सगळे हिंदीच बोलतात, माझं मराठी तेवढंच. आणि ताईंना काही बोलू नका, प्लीज. त्यांनी तपासलं होतं, पण त्यांना पण हा शब्द माहीत नसेल. इथे राहून आपल्या सगळ्यांचंच मराठी खराब झालं ना.”

“चलो, इंसान से भूल होती है,” पादरी म्हणाले. “बेचारी शैलजाजी भी क्या करें.”

माना हलल्या. भिंतीशी उभा असलेला पुंडलिकसुद्धा तिच्याकडे दयेने बघत होता. आता शैलजाने फक्त मान हलवायची होती. पोरीचं हसं झालंच होतं. पानं परत शैलजाच्याच झोळीत पडणार होती. सगळे तिला मोकळं सोडत होते.

बेचारी! माहीत नसेल!

“मला दिसलं होतं,” शैलजा म्हणाली.

“क्या?”

“पहिल्याच नजरेत दिसलं. चेष्टा म्हणजे काय ते मला माहीत नाही? अमरावतीत मराठी शाळेत शिकले मी, मराठीत स्वप्नं पडतात मला. या हॉलमध्ये मला मराठी शिकवणारा अजून जन्माला यायचा आहे. मी मुद्दाम सोडलं.”

“काहून वं?” इंदिराबाईंनी विचारलं. आता त्या हसत नव्हत्या.

“हिचं हसं व्हावं म्हणून.”

पादरींनी अंकाची घडी घातली. मतदान वगैरे काही झालं नाही. पानं अवंतिकाची, तपासायला इंदिराबाई. एका मिनिटात संपलं. अवंतिकाने शैलजाकडे बघितलं आणि पर्स उचलून निघून गेली.

स्कूटरला किक मारता मारता पुंडलिक म्हणाला, “गप्प बसली असती तर पानं तुलेच भेटली असती.”

“भेटली असती. आणि साऱ्या जबलपुरात झालं असतं की शैलजाला मराठी येत नाही.”

“त्यापेक्षा हे बरं?”

“हो.”

त्याने पुन्हा किक मारली.

घरी पोचेपर्यंत मंडळीच्या ग्रुपवर अवंतिकाचा मेसेज येऊन पडला होता. ‘माझ्या मराठीने नऊ मंडळ्यांची चेष्टा केली. मनापासून माफी मागते. आता प्रयत्न करते, मराठीतला.’ बस, एवढंच. शैलजाचं नाव नव्हतं, तक्रार नव्हती. खाली हात जोडलेल्यांची आणि हसऱ्या तोंडांची रांग लागली होती, त्यात इंदिराबाई सगळ्यांत पुढे.

शैलजा चपला न काढताच पलंगावर बसली. चष्मा लावून तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं. एकेक अक्षर बोटाने धरून वाचलं. ऱ्हस्व जागेवर, दीर्घ जागेवर, अनुस्वारसुद्धा जागेवर.

एकही चूक सापडली नाही तिला.