बिनठिपक्याची आकृती

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं अशी रीत आहे. आज ती माझ्याच्यानं पाळवणार नाही.

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. काळ्या रंगाचं लोखंडी अंग, पितळी स्क्रू आणि फिरत्या चकतीवर तीन भिंगं. त्यातलं सर्वांत मोठं भिंग तेलाचं. काचपट्टीवर तेलाचा थेंब टाकून ते टेकवलं, की वस्तू हजार पट मोठी दिसते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी सोलापूरच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत आलो. तेव्हाचे सर तास संपला की स्वतः माझं भिंग पुसत. "हा आपल्या खात्याचा डोळा आहे," असं ते पोरांना सांगत. ते ऐकून मी फुगून जायचो.

सर निवृत्त झाले आणि माझे दिवस फिरले. माझी लाकडी पेटी गेली. वरचं प्लास्टिक फाटलं. अख्ख्या देशाला चादरी पुरवणाऱ्या या गावात मला अंगावर घ्यायला एक फडकं मिळालं नाही, याला काय म्हणायचं? धूळ मी सोसली. पण कुणीतरी माझं मोठं भिंग वापरून तेल तसंच सोडलं आणि ते वाळून त्याची पिवळी खपली झाली. चार वर्षं मी अर्धा आंधळा होतो आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही. का आलं नाही, ते ऐका.

गेल्या ऑगस्टात एका मंगळवारी चेतना मॅडमनी गालाच्या पेशींचं प्रॅक्टिकल घेतलं. मॅडम शिकवतात छान, ते मी नाकारणार नाही. त्या म्हणाल्या, "बाईच्या पेशीत एक्स गुणसूत्रं दोन, पुरुषाच्या पेशीत एक. दोन्ही कामाला लागली तर बाईच्या पेशीत सगळंच दुप्पट तयार होईल. म्हणून गर्भात असतानाच प्रत्येक पेशी दोघांतल्या एकाला गुंडाळून गप्प बसवते. कुठल्या पेशीत आईकडून आलेलं, कुठल्या पेशीत बापाकडून आलेलं. हे गुंडाळलेलं गुणसूत्र केंद्रकाच्या कडेला काळ्या ठिपक्यासारखं दिसतं. फळमाशीत मात्र उलटं असतं. तिथं नराचं एकटं एक्स दुप्पट राबतं. कोंबड्यांत तर पुरता मेळ बसतच नाही." किती जीव, आणि समतोल साधायच्या किती तऱ्हा!

पण एक गोष्ट मॅडमनी वेळ नाही म्हणून सोडली. काही मुली एकच एक्स घेऊन जन्माला येतात. त्यांच्या पेशीत ठिपका नसतो, आणि तरी त्या मुलीच असतात. काही मुलांच्या पेशीत ठिपका असतो आणि ते मुलगेच असतात. ही दोन वाक्यं परीक्षेला येत नाहीत, म्हणून त्या दिवशी बोलली गेली नाहीत.

बॅचमध्ये अकरा मुली. एकेकीनं गालातून काडी फिरवली, काचपट्टीवर रंग दिला आणि माझ्यापाशी येऊन डोळा लावला. खपलीतून ठिपका दिसणार कसा? धुकं दिसलं आणि धुक्यात गुलाबी गोळे. पण दहा जणींनी वहीत ठिपका काढला! सगळ्यांचा एकाच जागी, वर उजवीकडे, कारण गाइडात तो तिथंच आहे. मॅडमनी दहाही वह्यांवर सह्या केल्या. गेली चार वर्षं हेच चाललं होतं, मित्रांनो. माझ्यात बघायचं नुसतं नावाला, आणि आकृती गाइडातून उतरवायची.

अकरावी मुलगी हुस्ना. टेंभुर्णीच्या इमामसाब टेंपोवाल्यांची लेक, कॉलेजच्या खो-खो संघातली सर्वांत चपळ. उंच, आवाज जरा घोगरा. तिनं दहा मिनिटं डोळा लावला आणि जे दिसलं ते काढलं. बिनठिपक्याचं केंद्रक.

शेजारच्या टेबलावरच्या अनीशनं तिच्या वहीचा फोटो काढला आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला, "बघा, हिला ठिपकाच नाही!" खाली हसणारी तोंडं. बुधवारी मैदानावर 'ही मुलगी नाहीच' अशी कुजबुज सुरू झाली. गुरुवारी खेळाच्या सरांनी तिला बाजूला बसवलं. "डॉक्टरचा कागद आण, मग बघू. उद्या दुपारी संघाची यादी जायची आहे," म्हणाले. खोटं काढणाऱ्या दहा जणी सुखात, आणि खरं काढणारीच्या गळ्यात लोढणं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला हात असते तर मी त्या ग्रुपवरच्या एकेकाचा कान पिळला असता.

ही बातमी एसटीच्या आधी टेंभुर्णीला पोहोचली. शुक्रवारी सकाळी इमामसाब टेंपो घेऊन लेकीला न्यायला आले. हुस्ना त्यांना घेऊन थेट प्रयोगशाळेत आली. दाराबाहेर त्यांनी चपला काढल्या आणि उंबऱ्यातच अंग चोरून उभे राहिले. त्या माणसाची खाली गेलेली मान मला बघवेना.

"मॅडम," इमामसाब म्हणाले, "मी शिकलेला न्हाय. माझ्या पोरीत काय खोट हाय, ते एकदा सांगा. मग घेऊन जातो."

मॅडम गोंधळल्या. हुस्ना नाही गोंधळली. "मॅडम, मला जे दिसलं ते काढलं की. आता तुमच्या गालाची पट्टी लावा."

"माझ्या?"

"व्हय. तुमाला दोन लेकरं हायत. बघू, तुमचा ठिपका दिसतो का."

मॅडमनी गालातून काडी फिरवली, रंग दिला, डोळा लावला. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण आंधळा काय दाखवणार? मॅडमनी पट्टी इकडे सरकवली, तिकडे सरकवली. मग मान वर केली. चेहरा उतरला होता. त्यांनी कपाटातल्या दहा वह्या काढून ओळीनं उघडल्या आणि दहा सारखे ठिपके बघत उभ्या राहिल्या.

कोपऱ्यातून निंगप्पामामा पुढे आले. ते इथले शिपाई, अक्कलकोटकडचे. त्यांनी माझं भिंग उजेडाकडे फिरवलं. "अगं आई गं! तेलाचा दगड झालाय की हितं. पूर्वीचे सर रोज पुसायचे." त्यांनी बाटलीतलं औषध कापसावर घेतलं आणि हळूहळू खपली उतरवली. चार वर्षांनी मला उजेड दिसला. आनंद व्हायला हवा होता. मला लाज वाटली.

आता मॅडमच्या दर तीन-चार पेशींमागे एकीत ठिपका दिसला, कडेला चिकटलेला, स्पष्ट. "झालं तर! हुस्ना, तुझी मंगळवारची पट्टी दे. एकदा बघितली की सगळ्यांची तोंडं बंद," मॅडम म्हणाल्या.

हुस्नानं ट्रेमधून आपली पट्टी उचलली आणि मुठीत धरली. "न्हाय देणार. ठिपका असला तर मी पोरगी, आन् नसला तर? दहा जणींची कुणी तपासली न्हाय. माझी का?"

तिच्या पेशीत ठिपका आहे की नाही, मला माहीत नाही. मला ते माहीत करून घ्यायचंही नाही.

मॅडमनी तिथंच कागद घेतला आणि लिहिलं, "भिंग खराब होतं आणि मी न बघता सह्या केल्या. भिंग चांगलं असतं, तरी या प्रॅक्टिकलवरून कुणाविषयी काहीही ठरवता येत नाही. चूक माझी आहे." त्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि इमामसाबच्या हातात दिला. "तुम्हीच सरांना नेऊन द्या, भाऊ." दुपारच्या यादीत हुस्नाचं नाव गेलं. इमामसाब रिकामा टेंपो घेऊन परतले. अनीशनं ग्रुपवरून तो फोटो हटवला, पण माफी त्यानं मागितली नाही, आणि हसणाऱ्यांपैकीही कुणी नाही.

मित्रांनो, वापरून झालं की माझं भिंग पुसा. दोन मिनिटं लागतात. आणि डोळा लावाल तेव्हा जे दिसतं तेच काढा. काही दिसलं नाही, तर दिसत नाही असं मोठ्यानं सांगा. त्या मंगळवारी दहा जणींपैकी एकीनं जरी तसं सांगितलं असतं, तर कापसाच्या एका बोळ्यावर हे निभावलं असतं.

पुढच्या मंगळवारी कांद्याच्या मुळाचं प्रॅक्टिकल होतं. भिंग लख्ख होतं. हुस्ना स्टुलावर बसून आकृती काढत होती, आणि तिच्या मागे दहा जणी वह्या उघडून उभ्या होत्या. माझ्यात डोळा लावायला नव्हे. तिची आकृती उतरवून घ्यायला.