हात न लावण्याची अट

माझ्या लेकीने मला आठ दिवसांसाठी बोलावलं ते पाहुणचाराला नव्हे, परीक्षक म्हणून. परीक्षा होती जावयाची. आणि परीक्षकाला अट अशी, की घरातल्या कुठल्याही कामाला हात लावायचा नाही. माझ्यासारखीला ही अट घालणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं. तरी मी हो म्हटलं.

लेक बस चालवते. आता तिला नव्या चालकांना शिकवायची जागा मिळत होती. त्यासाठी चार महिने दुसऱ्या गावी राहून प्रशिक्षण घ्यायचं होतं. या जागेवर तिचा किती दिवसांपासून डोळा होता ते मला ठाऊक आहे. आधी एक आठवडा तिकडे राहून या आणि मग हो की नाही ते कळवा, असं तिच्या ऑफिसने सांगितलं होतं. अडचण एकच होती, जावयाची पाठ.

जावयांना मणक्याचा आजार आहे. मणके हळूहळू एकमेकांत जखडत जातात. खाली वाकता येत नाही, मागे बघायचं तर अख्खं अंग वळवावं लागतं आणि दुखणं चोवीस तास सोबतीला. पूर्वी कारखान्यात फिटर होते, आता घरीच लोकांचे पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतात. घरकामही तेच बघतात. ते म्हणत होते, मी एकटा राहीन. लेक म्हणत होती, आणि पडलास तर? दोघांचं काही जमेना. शेवटी असं ठरलं की ती तिकडे असताना मी इथे राहायचं, नुसतं बघायचं आणि ती परतली की निकाल सांगायचा. मी म्हणेन ते दोघांना मान्य.

आता खरं सांगते. निकाल मी घरून निघतानाच लावून टाकला होता. आमचे हे गेल्यापासून माझ्या घरात बोलायला मी आणि ऐकायलाही मीच. जावई नापास झाले तर चार महिने त्यांच्याकडे कोण राहणार? मीच की. म्हणून आठ दिवसांच्या पिशवीत मी दोन स्वेटरही कोंबले होते. पुढे थंडी पडणार होती.

पहिल्या दिवशी स्वयंपाकघर बघून मी कपाळाला हात लावला. ओट्याखालची कपाटं रिकामी, वरच्या फळ्या रिकाम्या आणि सगळा संसार मधल्या पट्ट्यात उघड्यावर मांडलेला. पातेली, झाकणं, चाळणी, डबे, सगळं कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत. मध्ये एक उंच स्टूल. बाजूला चाकांची ट्रॉली. माझ्या मुलीने एवढ्या वर्षांत घर लावायला शिकू नये, असं मनात आलं.

जावयांनी मला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं आणि ट्रॉली ढकलत चहा आणला. कप घ्यायला मी उठले, तर म्हणाले, "आई, अट." मी बसले.

त्यानंतर मी जे बघितलं ते बघवत नव्हतं, म्हणजे माझ्या हातांना. जावई भाजी स्टुलावर बसून चिरत. भाताचं पातेलं रिकामंच गॅसवर ठेवत आणि मग मगाने पाणी घालत, उचलायला नको म्हणून. एक पातेलं इकडून तिकडे न्यायचं तर ओट्यावरून सरकवत. रोज एकाच खोलीचा केर काढत. बाकीच्या खोल्यांचं काय, असं विचारलं, तर म्हणाले की त्या त्यांच्या वाराला. धुणं रोज चार कपड्यांचं. आणि कळस म्हणजे जमीन. खाली पडेल ते खालीच राहायचं. सकाळी चमचा पडला तो पडला. संध्याकाळी एकदा लांब चिमटा घेऊन जावई घरभर फिरत आणि दिवसभराचं पडलेलं सगळं एका फेरीत उचलत. तो चमचा दिवसभर माझ्याकडे बघत होता आणि मी त्याच्याकडे. माझे हात असे शिवशिवत होते की मी शेवटी ते पदरात गुंडाळून बसले.

तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवलं नाही. जावयांना सकाळी अंग मोकळं व्हायला बराच वेळ लागतो. तोवर ते पलंगावरच पाय हलवत, कूस बदलत असतात. मी पहाटेच उठले आणि पदर खोचला. पातेली आकाराप्रमाणे एकात एक घालून खालच्या कपाटात ठेवली. डबे पुसून वरच्या फळीवर लावले. स्टूल बाल्कनीत नेलं, ट्रॉली दाराआड उभी केली, चिमटा वरच्या खिळ्याला टांगला. ओटा घासून लख्ख केला. मुद्दाम केलं का? हात शिवशिवत होते हे खरं. पण एकदा माझ्या हाताची सवय लागली की जावई मला सोडणार नाहीत, असंही मनात होतंच. मग खुर्चीत बसून मी शाबासकीची वाट बघू लागले.

नेमका तो त्यांचा वाईट दिवस निघाला. भिंत धरत धरत आले, तोंडावरचा रंग उतरलेला. दारातच थांबले आणि ओटा बघितला. ओरडले असते तर बरं झालं असतं, मलाही दोन शब्द सुनावता आले असते. पण त्यांनी पायाच्या अंगठ्याने खालचं कपाट उघडलं, पार आत बसलेलं चहाचं भांडं बघितलं आणि पायानेच दार लावलं.

"आई," ते म्हणाले, "आता मला चहासुद्धा करता येणार नाही."

तीन दिवस ज्या घराला मी पसारा म्हणत होते, त्यात हा माणूस कुणाची मदत न घेता जगत होता. आणि मी दोन तासांत त्याला पांगळं करून ठेवलं होतं. मी काही बोलणार, तोच ते हसले. म्हणाले, "नापासच करायचंय तर तोंडाने सांगा, भांडी कशाला लपवता?" माझा चेहरा तापला. त्यांना किती कळलं होतं कोण जाणे.

आजच्यापुरती अट मोडली असं त्यांनीच जाहीर केलं. मी बाल्कनीतून स्टूल आणलं. त्यावर ते बसले आणि उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे मला हाकू लागले. हे इकडे, ते तिकडे. प्रत्येक वस्तूला मी का म्हणून विचारलं आणि प्रत्येकाला उत्तर होतं. झारा गॅसजवळ, कारण भाताचं पातेलं तिरकं करून पाणी ओतता येत नाही, भात झाऱ्याने काढून घ्यावा लागतो. मोठं पातेलं नळाशेजारीच, म्हणजे घासून झालं की सरकवलं आणि झालं. झाकणं उभी, म्हणजे एक काढताना चार पडणार नाहीत. साखर खिडकीकडे, कारण साखर म्हणजे चहा आणि चहा म्हणजे खिडकी. मी म्हटलं, ह्याचा पाठीशी काय संबंध? तर म्हणाले, काही नाही, ते नुसतं आवडतं म्हणून.

खालच्या कपाटातून भांडी काढायला मला दर वेळी गुडघ्यांवर बसावं लागत होतं. गुडघे असे कडाकडा वाजत होते की त्यांना स्टुलावर ऐकू जात होतं.

"तुमच्या घरी भांडी कुठे असतात?" त्यांनी विचारलं.

"खाली. भांडी खालीच ठेवतात."

"का?"

माझ्या सासूने खाली ठेवली होती. तिच्या सासूनेही ठेवली असणार. माझा सगळा जन्म त्या कपाटापुढे उठाबशा काढण्यात गेला, आणि एवढ्या वर्षांत का म्हणून विचारावं हे मला सुचलं नव्हतं. मी जमिनीवर बसूनच हसायला लागले. त्यांना हसताना दुखत होतं, म्हणून ते मला हसवू नका म्हणत होते आणि हसतही होते.

एवढ्यात दारात किल्ली फिरली आणि तळमजल्यावरच्या टेलरबाई धापा टाकत आत आल्या. गळ्यात टेप तशीच. स्टुलावर जावई आणि जमिनीवर मी हे बघून त्यांना कळेना की दोघांतलं पडलंय कोण. मग उलगडा झाला. दुकान उघडायला येताना समोरच्या फुटपाथवरून त्यांना आमच्या खिडकीचा पडदा दिसतो. जावयांनी त्यांच्याशी ठरवून ठेवलं होतं की दुकान उघडायच्या वेळेपर्यंत पडदा सरकलेला दिसला नाही, तर किल्ली घेऊन वर यायचं. बदल्यात त्यांच्या शिलाई मशिनची दुरुस्ती फुकट. आज माझ्या कर्तबगारीच्या गोंधळात पडदा कुणी उघडलाच नव्हता. टेलरबाईंनी मला सुनावलं नाही, पण जाताना पडदा अगदी टोकापर्यंत सरकवून गेल्या.

पडलास तर, याचं उत्तर असं किल्ली घेऊन वर आलं आणि खाली गेलं. मी तिथेच काय ते समजले.

त्या दिवशी जावई बहुतेक वेळ आडवेच होते. दुखणं डोळ्यांत दिसत होतं, ते काही मी गोड करून सांगत नाही. पण त्याचीही तयारी होती. चांगल्या दिवशी दुप्पट करून डब्यांत गोठवलेलं सूप फ्रीजरमध्ये होतं, ते त्यांनीच काढून गरम केलं. वाट्या पाण्यात भिजत ठेवल्या. केराची पाळी असलेली खोली बिनकेराची राहिली आणि कुणाचंही काही अडलं नाही. चमचा पडला तो दुसऱ्या दिवसापर्यंत तिथेच होता. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणून माझे हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू. पण मी बसले. उरलेले दिवसही बसले. आणि काम नसल्यामुळे आम्ही दोघं बोलू लागलो. लग्नानंतर इतक्या वर्षांत जावयांशी माझं बोलणं 'जेवलात का' आणि 'निघालात का' एवढंच होतं. आता मला कळलं की ते गातात, तेही बेसूर, आणि त्यांना ते ठाऊक आहे. मी त्यांना माझ्या तरुणपणच्या गोष्टी सांगितल्या, ज्या लेकीलाही माहीत नाहीत आणि माहीत होऊही नयेत. संध्याकाळी चिमट्याची फेरी निघाली की कुठे काय पडलंय ते मी खुर्चीतून सांगायचे. तेवढं अटीत बसत होतं.

आठव्या दिवशी लेक आली. बॅग खाली ठेवली, बूट काढले नाहीत आणि माझ्यासमोर उभी राहिली.

"सांग," ती म्हणाली.

तिच्या चेहऱ्याकडे बघितलं तर तिला जायचं होतं, इतकं जायचं होतं की तिला ते विचारायचीही भीती वाटत होती. जावई मिक्सरचा पेच आवळत बसले होते आणि तो पेच केव्हाच आवळून झाला होता. मी नुसतं नाही म्हटलं असतं, तर चार महिने ही खुर्ची, ही खिडकी, ही बडबड माझी होती. पलीकडे माझं घर होतं, जिथे मी उठेन, जेवेन आणि झोपेन. तो एक शब्द अगदी जिभेवर आला होता.

"जा," मी म्हटलं. "ह्यांना तुझी गरज नाही आणि माझी तर मुळीच नाही. घर तुझ्यापेक्षा चांगलं चालवतात."

पडलास तर, असं ती म्हणालीच. मी तिला पडद्याचं सांगितलं. ही गोष्ट तिलाही माहीत नव्हती. ती नवऱ्यावर चिडली, मग हसली, मग त्याच्या ताठ खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तोंड फिरवलं आणि खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली. केलं ते बरोबर केलं हे मला कळत होतं. तरी ते दोन स्वेटर मी पिशवीच्या अगदी तळाशी कोंबले.

जावई दाराशी आले. चौकटीला टेकले, कारण फार वेळ उभं राहवत नाही.

"आई, मला कामाला कुणी नको, ते खरंच आहे," ते म्हणाले. "पण संध्याकाळी दोन शब्द बोलायला कुणी नसलं की पाठ जास्त दुखते. ही गेली की पंधरा दिवसांनी या ना."

"करायला काही नाही तर येऊन काय करू?"

"काही नाही. नुसतं बसायचं."

मला बोलावणी पुष्कळ आली आयुष्यात. बाळंतपणाला या, आजारपणाला या, घर बदलतोय, सामान लावायला या. मी गेले, केलं आणि परत आले. मला नुसतं बसायला आजवर कुणीही बोलावलं नव्हतं. रडू आलं ते मी लपवलं नाही.

"येईन," मी म्हटलं. "पण चहा तुम्ही करायचा. मी उठणार नाही."