खांद्याऐवजी टेकू

पाण्यावर डोमाला कोणी लंगडा म्हणत नसे. जमिनीवर म्हणत, तोंडावर म्हणत, आणि सगळ्यांत मोठ्यानं म्हणे तो त्याचा जवाई प्रफुल. बहिणीचा नवरा पडला, ऐकून घ्यावं लागतं. ट्रॅक्टरखाली पाय सापडला तेव्हापासून धान रोवण्याच्या चिखलात उभं राहणं डोमाला जमत नव्हतं. लग्न झालंच नाही. मायबाप गेल्यावर ज्या साधनाला त्यानं आपल्या हातानं भात भरवून वाढवली, तिच्याच दारात आता तो खात होता. नशीब म्हणतात ते हेच, दुसरं काय!

प्रफुल वरोऱ्याचा. सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठी त्यानं वाघ पाहायला येणाऱ्यांसाठी खोल्या बांधल्या होत्या. वाघ दिसला नाही की पाहुणे चिडतात, म्हणून त्यांना फिरवायला मुंबईकडून एक जुनी शिडाची बोट आणली होती. या बोटीत एक खोड होती. शिडाच्या खालच्या कडेला एक आडवा जड दांडा असतो, बूम म्हणतात त्याला. शीड उतरवलं की ही बूम धाडकन खाली यायची. तिला वरून धरणारी दोरी डोलकाठीच्या टोकाशी केव्हाच तुटली होती, आणि तिथवर चढायची कोणाची छाती नव्हती. मग प्रफुल ओरडायचा, “खांब!” आणि डोमा बूमखाली खांदा द्यायचा. पाय अधू, पण खांदा बैलाचा. एवढ्या कामावर त्याला काठाजवळची खोली आणि दोन वेळचं जेवण होतं. खांब तर खांब! वारा भरला, बोट कलली की डोमाला वाटायचं, आपणही कोणीतरी आहो. ती जागा त्याला जिवापलीकडे होती.

पण एकदा शीड उतरताना त्याला शिंक आली. खांदा हलला आणि बूम एका पाहुण्याच्या टोपीला चाटून गेली. टोपीच गेली, डोकं नाही. पण प्रफुलला निमित्तच पाहिजे होतं.

“आता टेकूच लावतो,” तो म्हणाला. “व्हँग म्हणतात त्याले. डोलकाठीच्या बुडापासून बूमले तिरपी नळी, आत स्प्रिंग. वाऱ्यानं बूम वर उडाली तर खाली खेचून धरते, शीड उतरलं तर वर उचलून धरते. शिंकत नाई थे!”

“अन् मी?” डोमानं विचारलं.

“टेकू बसला की तुही सुट्टी. गडचिरोलीले माह्या मामाची राईस मिल आहे. कोंड्याच्या गोदामात झोपजो, राखण करजो.”

डोमाच्या तोंडचं पाणी पळालं. कोंड्याची धूळ, चार भिंती, आणि पाणी म्हणाल तर हंड्यातलं!

प्रफुलनं मुंबईच्या दुकानदाराला फोन लावला. दुकानदार म्हणाला, टेकू दोन जातीचे, एक गॅसचा, एक स्प्रिंगचा. “गॅसचा नोको, जवाईबापू,” डोमा मधेच बोलला. “आपल्या चंद्रपूरच्या उन्हात थो गॅस टिकते का?” प्रफुलनं त्याच्याकडे पाहिलं आणि चक्क होकारार्थी मान डोलावली. मग दुकानदारानं सांगितलं, बूमचं टोक काट्याला लटकवून वजन कळवा, त्यावर स्प्रिंग ठरेल. वजन कमी सांगाल तर हलकी स्प्रिंग येईल आणि बूम लोंबत खाली येईल.

ते वाक्य डोमानं गाठीशी बांधून घेतलं.

ढिवरांच्या सोसायटीचा मासे तोलायचा लटकता काटा त्यानं मागून आणला, झाडाच्या फांदीला अडकवला आणि बूमचं टोक त्याला बांधलं. काटा बावीसवर थांबला. डोमानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि ओरडला, “चौदा किलो, जवाईबापू!”

मागं साधना चादरी वाळत घालत होती. तिनं काट्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि काही न बोलता चादर झटकली. डोमाचा जीव भांड्यात पडला. आपली माणसं ती आपलीच, त्याला वाटलं. टेकू हलका निघेल, प्रफुल शिव्या देईल आणि शेवटी पुन्हा “खांब” म्हणून हाक मारेल. दोन-चार दिवस गड्यानं नुसते मनात मांडे खाल्ले.

खोकं आलं. बसवायचं कोणी? डोमानंच! त्यानं दोन बांबू फुलीसारखे बांधून कैची केली, बूम तिच्यावर टेकवली, डोलकाठीच्या बुडाशी ड्रिलनं भोकं पाडली, पट्टी स्क्रूनं घट्ट केली. बूमच्या पोटाला दुसरी पट्टी लावली. नळी दोन्हीकडे पिना घालून अडकवण्याआधी त्यानं ती हातानं दाबून पाहिली. जराही दबली नाही. नवी आहे, कडकच असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. त्यानं काम मात्र नेटकं केलं. खोट होती ती वजनात, हातात नाही.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, नागपूरची दोन जोडपी. त्यांच्यासोबत साधनाही बोटीत चढली. जी बाई पाण्याला भिऊन कधी बोटीजवळ आली नाही, ती नवी साडी नेसून बरोबर बूमखाली जाऊन बसली.

डोमा झटकन पुढं सरकला. “साधने, तिथी नोको बसू.”

“काऊन?” प्रफुल हसला. “टेकू आहे ना आता. वजन तर तूच केलं.”

“ऊन लागते तिथी.”

“लागू दे,” साधना म्हणाली. भावाकडे तिनं पाहिलंही नाही.

आता खरं बोलावं? बोललं तर जागा गेली, अब्रू गेली. गप्प बसावं? मग बूम तिच्या डोक्यात. डोमा नुसता घाम पुसत राहिला. शीड चढलं, कैची काढली, बोट तलावाच्या मधोमध गेली. पाहुणे फोटो काढत होते. डोमाला त्या दिवशी ना वारा दिसला ना पाणी, फक्त बहिणीचा भांग दिसत होता.

प्रफुलनं शिडाची दोरी सोडायला घेतली. “खांब” अशी हाक मारली नाही. दोरी सुटली, शीड सरसर खाली आलं.

“साधने!” डोमा किंचाळला, अधू पायावर उडी मारून बूमखाली गेला आणि दात-ओठ खाऊन खांदा लावला.

खांद्यावर वजनच आलं नाही. बूम होती तिथंच होती, टेकूवर ताठ. डोमा तिला मिठी मारून वाकडातिकडा उभा होता, आणि पाहुणे खो खो हसत होते.

“चोराच्या मनात चांदणं!” प्रफुलनं टाळी वाजवली. “वजन खरं सांगितलं असतं तर बसून राह्यला असता ना, खांबा? चौदाचा टेकू मी मांगवलाच नाई. बावीसचा मांगवला.”

डोमानं हळूहळू हात सोडले. “तुले माहीत होतं?” त्यानं बहिणीला विचारलं.

“मीच सांगितलं वजन,” साधना हळूच म्हणाली. “हे म्हणत होते, थो कबूल करणार नाई. मी म्हटलं, मी खाली बसली तर उठते थो. माह्यासाठी उठल्याशिवाय राहत नाई.”

आणि तिला ते बरोबर माहीत होतं! दुसऱ्या कोणाला माहीत असणार? डोमाला राग यायला हवा होता. राग आला नाही, लाज आली, आणि तीही आपली नाही, तिची.

बोट काठाला लागली. “उतर, बावा,” प्रफुल म्हणाला, “गडचिरोलीची एसटी दुपारी आहे. चला, सुंठीवाचून खोकला गेला!” डोमा उतरला. काठावरच्या चिखलात त्याचा पाय ओढत चालला, सगळ्यांना दिसेल असा.

मागं एका पाहुणीनं विचारलं, “कोण हो ते? बिचाऱ्यांना लागलं तर नाही?”

साधनानं पदर सारखा केला. “नाई नाई,” ती म्हणाली, “होते आमच्याकडे कामाले.”