शरद अंकाचं सातवं पान

शाळा मंडळाच्या कचेरीत तिला सगळे बातमीबाई म्हणत. मंडळाच्या एकोणीस शाळा होत्या आणि त्यांचं वार्तापत्र वर्षातून चारदा निघे. ते लिहायचं, छापून घ्यायचं, गठ्ठे बांधून शाळाशाळांना पाठवायचं, हे तिचं काम. नोकरी कराराची. दर वर्षी सही नवी, धाकधूक मात्र जुनीच.

पानगळ सुरू झाली आणि शरद अंकाची घाई उडाली, तेव्हा उपसंचालकांनी तिला आत बोलावलं. कचेरीत त्यांना मागून 'तूर्तास साहेब' म्हणत, कारण त्या शब्दावाचून त्यांचं वाक्यच सुरू होत नसे. त्यांनी एक कागद पुढे सरकवला. पाण्याच्या टाकीजवळची शाळा पट घटल्यामुळे बंद करायचं मंडळाने आतल्या आत ठरवलं होतं. नियमाप्रमाणे आधी जाहीर सभा घ्यावी लागे आणि सभेची सूचना वार्तापत्रात छापावी लागे. सूचना साहेबांनी स्वतःच लिहून ठेवली होती : 'इमारतींच्या वापराचा आढावा. सर्वांचे स्वागत.' ती सातव्या पानावर, हरवल्या-सापडल्या वस्तूंच्या यादीखाली टाकायची होती.

"तूर्तास हे तुमच्या-माझ्यात," साहेब म्हणाले. "बाहेर गेलं, तर कुठून गेलं ते मला शोधावं लागणार नाही."

टाकीजवळच्या शाळेत तिची ताई बावीस वर्षं शिकवत होती. साहेबांना ते चांगलं ठाऊक होतं.

बातमीबाई राहत होती ताईकडेच. चार वर्षांपूर्वी संसार मोडून ती दारात उभी राहिली, तेव्हा ताईने एका अक्षराने काही विचारलं नव्हतं, खिडकीजवळची खोली रिकामी करून दिली होती. पुढे भाऊजी अंथरुणाला खिळले. मधल्या सुट्टीत ताई दहा मिनिटांत घर गाठायची, त्यांची कूस बदलायची, औषध द्यायची आणि घंटेच्या आत परत वर्गात उभी असायची. सगळं घर त्या दहा मिनिटांवर चाललं होतं.

बदलीच्या अर्जांची मुदत शुक्रवारी संपत होती. बाजारामागच्या शाळेत, घरापासून तेवढ्याच अंतरावर, एक जागा रिकामी होती. ती गेली की उरत होत्या त्या दोन बस बदलून जायच्या शाळा. टाकीजवळच्या शिक्षकांना नंतर तिकडेच ढकलणार होते.

त्या संध्याकाळी ताई भाजी निवडता निवडता अंकासाठी आपल्या शाळेच्या बातम्या सांगत होती. पानांचं प्रदर्शन, डोळ्यांची तपासणी, पालकांचा दिवस. वसंतातल्या समूहगानाची तालीमही लिही म्हणाली, या वर्षी तिसरीचा वर्ग पहिल्यांदाच गाणार आहे. वसंतात ती शाळाच नसणार होती. बातमीबाईने मान खाली घालून सगळं लिहून घेतलं. मग बाजारामागच्या शाळेचा विषय काढला. तिथे जिना नाही, तुझ्या गुडघ्यांना बरं.

ताई हसली. "गुडघे आणि शाळा, दोन्ही एकदमच निकामी होऊ देत. तोवर चालतंय."

गुरुवारी तिने पुन्हा विषय काढला, तेव्हा ताईने हातातलं काम थांबवून सरळ विचारलं, "तुला काही कळलंय का?"

"नाही गं," ती म्हणाली.

सांगायचं तरी कसं? ताईच्या तोंडात तीळ भिजत नसे. आणि भिजला असता, तरी अकरा सहकाऱ्यांना अंधारात ठेवून स्वतःपुरता अर्ज भरणारी ती नव्हती. तासाभरात शिक्षकखोलीत बोंब झाली असती आणि दुसऱ्या दिवशी बातमीबाई घरी बसली असती. बरं, गप्प बसावं तर दुपारी भाऊजींच्या तोंडात औषध कोण घालणार? इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये जेमतेम पाय ठेवण्याइतकी जागा.

शुक्रवारी दुपारी कचेरी बंद व्हायला अर्धा तास उरला असताना तिने बदलीचा कोरा अर्ज घेतला. ताईचं नाव लिहिलं, नोकरीची वर्षं लिहिली. खाली ताईची सही केली. लहानपणी शाळेच्या प्रगतिपुस्तकांवर आईऐवजी ताईच सही करायची, तेव्हापासून ते वळण तिला पाठ होतं. तळमजल्यावरच्या पेटीत अर्ज पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

अंक निघाला. सातवं पान कुणी वाचणार नाही असा साहेबांचा होरा होता, पण टाकीजवळच्या शाळेतल्या एका मुलीच्या वडिलांची छत्री हरवली होती. ते छत्री शोधत खाली आले आणि सूचनेपाशी थबकले. त्यांनी फोन केले, विचारपूस केली. दोन दिवसांत सगळं बाहेर आलं. त्याच आठवड्यात ताईच्या बदलीचा आदेश शिक्षकखोलीच्या फळ्यावर लागला.

अकरा जणांनी दोन आणि दोन चार केले. हिची बहीण कचेरीत आहे. हिला आधीच कळलं. हिने गुपचूप आपली सोय केली. ताईने मुख्याध्यापिकेकडे अर्ज बघायला मागितला, सही बराच वेळ बघितली आणि कागद परत दिला. ही माझी सही नाही, एवढंच म्हटलं असतं तरी ती निर्दोष ठरली असती. सही माझीच, असं सांगून ती वर्गात गेली.

सभेला दीडशे माणसं आली. बातमीबाई व्यासपीठाच्या कडेला बसून इतिवृत्त लिहीत होती. ताई बोलायला उभी राहिली, तेव्हा तिच्याशेजारी बावीस वर्षं बसलेल्या गाण्याच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमची सोय झाली आहे. बसा." ताई बसली. मंडळाच्या सदस्यांचे हात वर झाले, मोजले गेले, शाळा बंद झाली.

दोघी घरी आल्या. ताईने भाऊजींची उशी नीट केली, दार लोटलं आणि स्वयंपाकघरात आली.

"मी विचारलं असतं, तर तू नाही म्हणाली असतीस," बातमीबाई म्हणाली.

"हो. म्हणून तर विचारायचं होतंस."

दुसऱ्या दिवशी बातमीबाईने आपलं कपाट उघडलं. कचेरीतली एक टंकलेखिका आपल्याकडची खोली द्यायला तयार होती. कपडे पलंगावर रचून झाले, तेव्हा ताई दारात येऊन उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता.

"तू गेलीस की लोक म्हणणार, बहिणी भांडल्या. कशावरून, ते कुणीतरी विचारणार. मग मला पुन्हा खोटं बोलावं लागेल. तेवढी ताकद आता नाही माझ्यात."

ताई बाजारामागच्या शाळेत जायला निघाली. जाताना भाऊजींची खिडकी लावून घ्यायला सांगून गेली, वारा सुटला होता. बातमीबाईने खिडकी लावली. मग एकेक करून कपडे परत कपाटात ठेवले.