आंघोळीच्या आधी

ठिपकी बूड टेकत नव्हती. बसली की चुळबुळ, लगेच उभी. झोपेत रडायची आणि हात सारखा मागे. सहा वर्षांची पोर. तिच्या आईच्या मनात नको ती शंका आली, कारण आई दिवसभर इस्त्रीच्या दुकानात आणि घरी पोरीपाशी भाऊजी. वारलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, रात्रपाळीचा पहारेकरी.

"काका त्रास देतात का गं तुला?"

"हो. पत्त्यांत फसवतात."

आईला हसू आलं नाही. एकदा तो किडा डोक्यात शिरला की भल्या माणसाचं हसणंही वाकडं दिसतं. भाऊजी पोरीची वेणी घालत होते, तर हिला त्यांची बोटंच दिसली.

"उद्यापासून ती माझ्याबरोबर दुकानात येईल."

"वाफेत? माझं काही चुकलं का, वहिनी?"

ती चादरीची घडी घालत राहिली. भाऊजींनी घराची किल्ली टेबलावर ठेवली आणि ते गेले. परतले नाहीत.

सकाळी तिने पोरीला साबणाने खसाखसा घासलं, कडक इस्त्रीचा फ्रॉक चढवला आणि दवाखान्यात नेलं. गरिबाने डॉक्टरकडेसुद्धा नवरीसारखं नटून जायचं. जीव गेला तरी चालेल, कुणी घाणेरडं म्हणता कामा नये.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "खाजवून लाल झालंय. बाकी काही दिसत नाही."

काही दिसत नाही, म्हणजे तेच. आईने तसंच धरलं. तिने पोरीला बाहेरच्या बाकावर बसवलं, दार लोटलं आणि जे स्वतःशीही बोलली नव्हती ते विचारलं.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. पोरीला पुन्हा आत बोलावून एकटीशी बराच वेळ गप्पा मारल्या. मग आईला म्हणाल्या, "तसलं मला काही वाटत नाही. खाज रात्रीच जास्त ना? आंघोळ घालून आणलीत?"

"मग काय, पारोशी आणू?"

"पारोशीच हवी होती. मला जंतांचा संशय आहे. सुतासारखे पांढरे असतात, रात्री बाहेर येऊन अंडी घालतात. तुम्ही सगळं साबणाने धुऊन आलात. उद्या उठल्याउठल्या, संडास-आंघोळीच्या आधी, तिथे ही चिकटपट्टी दाबून उचला आणि घेऊन या."

त्या रात्री आई देवाकडे लेकीसाठी जंत मागत होती. कुठल्या आईवर अशी वेळ यावी?

दुसऱ्या दिवशी पट्टीवर अंडी सापडली.

"मी रोज फरशी पुसते हो."

"पुसा. तरी होतात. एक पोर खाजवतं, तोच हात खेळण्याला, तिथून दुसऱ्याच्या तोंडात. नखं कापा, चादरी गरम पाण्यात धुवा. गोळी घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी, दोन आठवड्यांनी पुन्हा. घरात कोण कोण?"

"मी, ही." ती अडखळली. "आणि भाऊजी."

संध्याकाळी ती पहारेकऱ्याच्या खोपटापाशी उभी राहिली.

"ठिपकीला जंत झालेत. गोळी सगळ्यांनी घ्यायची आहे."

भाऊजींनी गोळी घेतली. "तुम्हाला काय वाटलं होतं, वहिनी?"

तिला खोटं सुचलं नाही. मान खाली गेली, आणि त्यांना कळलं.

गोळी चावून ते वर पाणी प्यायले. "पोर कशी आहे?"

"पत्ते घेऊन बसलीय."

तिने किल्ली पुढे केली. त्यांनी हात पुढे केला नाही. ती तशीच हात पसरून उभी राहिली.